घरामागच्या लॉनसाठी जमीन तयार करायची आहे – कोणता टिलर घ्यावा?

अंगणवाला

नमस्कार मंडळी,

घराचं बांधकाम संपलं. मागे साधारण १६०० चौरस फूट, म्हणजे दीडशे चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा उरली आहे. तिथे लॉन करायचं आहे. नुसतं बघायला नाही, मुलांना खेळता येईल असं.

जागेची सध्याची अवस्था: वरचा थर टणक. पहार मारली की जेमतेम वीतभर जाते आणि अडते. बांधकामाच्या वेळी मालाच्या गाड्या याच भागातून ये-जा करत होत्या. मधेमधे सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, खडी. एका कोपऱ्यात हरळी आणि लव्हाळा माजलाय. माती चिकण वाटते, ओली झाली की चपलेला लगदा चिकटून येतो.

गेले काही दिवस टिलर, म्हणजे फिरणाऱ्या दातांनी माती उकरणारं यंत्र, बघतोय. पुढे दात असलेले, मागे दात असलेले, विजेवरचे छोटे, बॅटरीवाले. प्रत्येक विक्रेता आपलाच योग्य म्हणतो आणि माझा गोंधळ वाढत चाललाय. एवढ्या जागेला कोणता पुरेल? विकत घ्यावा की भाड्याने आणावा? आणि टिलरशिवाय आणखी काय काय लागेल? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.

दवबिंदू

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

यंत्रमित्र

अंगणवाला, नेमकी माहिती दिलीत म्हणून नेमकं उत्तर देता येईल.

टिलरमध्ये पहिला फरक दात कुठे आहेत याचा. पुढे दात असलेल्या यंत्रात चाकांना इंजिनाची ताकद मिळत नाही. दातच यंत्राला पुढे ओढतात. मागे एक लोखंडी दांडी असते, ती जमिनीत दाबली की यंत्राचा वेग अडतो आणि दात खोल जातात. आधी कसलेल्या, भुसभुशीत जमिनीत हे छान चालतं. तुमच्यासारख्या टणक जमिनीवर मात्र ते उड्या मारतं, आत शिरण्याऐवजी वरून पळतं आणि चालवणाऱ्याचे खांदे मोडतात.

मागे दात असलेल्या यंत्रात चाकांना वेगळी गती मिळते. यंत्र आपल्या चालीने हळू पुढे जातं आणि दात मागे आपलं काम करत राहतात. त्यातही दोन प्रकार. दात चाकांच्याच दिशेने फिरणारे, आणि उलट दिशेने फिरणारे. उलटे फिरणारे दात न फोडलेली जमीन उकरायला जास्त चांगले. चाकांच्या दिशेने फिरणारे नंतर खत मिसळायला, माती बारीक करायला बरे. काही यंत्रांत दोन्ही दिशा बदलता येतात, मिळालं तर तेच घ्या.

विजेवरचे आणि बॅटरीवरचे छोटे, वीस-तीस सेंटिमीटर रुंदीचे कल्टिव्हेटर फुलझाडांच्या वाफ्यांसाठी असतात. गाड्यांनी दाबलेली जमीन फोडण्याचं काम त्यांच्याकडून होणार नाही.

माझं मत: मागे दात असलेला, उलट फिरणारा, भाड्याने. विकत अजिबात नको. हे काम लॉनच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं. नंतर तो टिलर कोपऱ्यात पडून राहतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो.

आणि हो, यंत्र ठरवण्याआधी फाटकाची आणि घराच्या बाजूच्या बोळाची रुंदी मोजा. मागे दात असलेली यंत्रं वजनालाही भारी असतात. वाटेत पायऱ्या असतील तर दोन माणसं आणि मजबूत फळ्या तयार ठेवा.

मृद्गंध

यंत्रमित्र यांनी यंत्राबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, पण मला वाटतं आपण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतोय. पहिला प्रश्न मातीचा.

एक उभी, सपाट तळाची काचेची बरणी घ्या. जागेवर तीन-चार ठिकाणी वीतभर खणून थोडी थोडी माती काढा, खडे वेचून टाका, बरणी एक तृतीयांश भरा. वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब, आणि जोरात हलवून ठेवून द्या. पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत खाली बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कण. चिकणमाती सगळ्यात शेवटी बसते, पाणी नितळ व्हायला दिवसभर किंवा जास्तही लागतो. तीन थर स्पष्ट दिसतात. पट्टी लावून मोजा, माती कशी आहे ते समोर येतं.

चिकणमाती जास्त निघाली तर कोणता टिलर यापेक्षा तो कधी चालवायचा हे महत्त्वाचं. वाफसा, म्हणजे माती ना चिकट ओली ना ठक्क कोरडी अशी अवस्था! शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, ते उगाच नाही. ओल्या चिकणमातीत दात फिरले की वर ढेकळं निघतात आणि दातांच्या टोकाखाली माती घोटली जाऊन एक गुळगुळीत थर तयार होतो. त्यातून ना पाणी खाली जात, ना मुळं. कोरड्या ठक्क मातीत चालवलं तर एक तर दात शिरत नाहीत, किंवा मातीचं पीठ होतं, आणि पहिल्या पावसात त्या पिठाचा पापुद्रा धरतो.

तपासायची रीत सोपी. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा, मूठ उघडा, अंगठ्याने गोळ्याला हलकं ढकला. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आलाय. अंगठ्याचा खळगा पडून गोळा तसाच राहिला तर थांबा. गोळा झालाच नाही तर हलकं पाणी देऊन दोन दिवसांनी पुन्हा बघा. तपासणी वरच्या मातीवर करू नका, वरचा थर नेहमी लवकर वाळतो आणि फसवतो.

कुदळबहाद्दर

दीडशे चौरस मीटरला यंत्र कशाला? टिकाव, कुदळ, फावडं, घमेली आणि दोन-तीन माणसं. आठवड्याचं काम. आणि त्यात एक मोठा फायदा आहे जो कोणतंच यंत्र देत नाही: हाताने खणताना प्रत्येक विटेचा तुकडा, प्रत्येक तारेचा वेटोळा दिसतो आणि तिथल्या तिथे बाहेर निघतो. टिलर तेच तुकडे मातीत गाडून ठेवतो.

यंत्रमित्र

@कुदळबहाद्दर, राडारोड्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पण पंधरा सेंटिमीटर खोल दीडशे चौरस मीटर म्हणजे साडेबावीस घनमीटर माती उलथायची. गाड्यांनी दाबलेली. कंबरेचा विचार करा हो.

कुदळबहाद्दर

कंबर वाकवून खणायचंच नाही. चार दातांचा खणायचा काटा मिळतो, तो पायाने दाबून आत घालायचा, मागे कलता करून माती सैल करायची, उलटायची नाही. त्याचाच मोठा भाऊ म्हणजे दोन दांड्यांचा रुंद काटा. त्यावर उभं राहून अंगाच्या वजनाने दात आत जातात आणि दोन्ही दांडे मागे ओढले की खालचा थर तडकतो. पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या खाली टिलर पोचत नाही, हा पोचतो. अंगणवाला म्हणतात पहार वीतभर जाऊन अडते. मग खरा अडथळा वीतभराखाली आहे. वरचं कितीही बारीक केलं तरी पाणी तिथेच तुंबणार.

मृद्गंध

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. टिलरवाले आणि कुदळवाले दोघेही यावर एकत्र येऊ शकतात. आधी खालचा थर काट्याने किंवा पहारीने फोडायचा, मग वर टिलर.

खाली नक्की अडथळा आहे का हे बघायला फूटभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेगाने उतरतं ते मोजा. तासाला दोन-तीन सेंटिमीटर उतरत असेल तर ठीक. दिवसभर तसंच उभं राहिलं तर निचऱ्याचं काम आधी, बाकी सगळं नंतर.

गंपूचे_बाबा

खडी वेचायला मुलांना लावा. "जागा साफ झाली की फुटबॉलचा गोल उभा करू" एवढं म्हणा, संध्याकाळपर्यंत एक खडा शिल्लक राहणार नाही.

दवबिंदू

@गंपूचे_बाबा 😄 आमच्याकडे मुलं खडे वेचतात आणि त्याचाच किल्ला करतात. जागा बदलते, खडे तेवढेच.

सावली

मृद्गंध यांनी लिहिलेला घोटलेला थर मी डोळ्यांनी पाहिलाय म्हणून लिहिते. आमच्या घराचं लॉन एका ठेकेदाराने केलं होतं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, तरी त्याला यंत्र त्याच दिवशी परत द्यायचं होतं म्हणून चालवलंच. वरून दिसायला सुंदर. हिरवळ लावली, दोन महिने छान राहिली आणि मग ठिकठिकाणी पिवळी पडू लागली. मी खुरप्याने एक चौकोन उचलला. गवताची मुळं बोटभर खाली गेली होती आणि तिथून आडवी वळली होती. त्यांच्याखाली मातीचा चकचकीत थर, वर दातांच्या वळणाच्या रेषा अजून दिसत होत्या. शेवटी सगळं काढून काट्याने तो थर फोडावा लागला.

तेव्हा यंत्र भाड्याने घेणार असाल तर तारीख बदलता येईल का हे आधी विचारून घ्या. वाफसा आपल्या तारखेला येत नाही.

रानवारा

थोडा वेगळा सूर लावतो. माती उलथायची गरज आहे का? टिलरमुळे मातीच्या कणांची नैसर्गिक जुळणी मोडते, गांडुळांची बिळं आणि बुरशीचं जाळं तुटतं, खाली झोपलेलं तणाचं बी वर येऊन उगवतं. पुठ्ठे अंथरा, त्यावर कुजलेलं खत टाका, ओलं ठेवा आणि काही महिने वाट बघा. खालची माती आपोआप मऊ होते. मी भाजीच्या वाफ्यांना हीच पद्धत वापरतो आणि कुदळ हातात घेत नाही.

मृद्गंध

@रानवारा, भाजीच्या वाफ्यांसाठी मीही तुमच्याच बाजूची आहे. पण इथे जिवंत माती उलथण्याचा प्रश्नच नाही. बांधकामानंतर उरते ती बहुतेक वेळा पायाच्या खड्ड्यातून निघालेली खालची माती, गाड्यांनी दाबलेली, सेंद्रिय अंश जवळपास शून्य. तिच्यात तुटण्यासारखं जाळं अजून तयारच झालेलं नाही. एकदा नीट फोडून, भरपूर खत मिसळून, मग आयुष्यभर न उलथणं हा मला योग्य मार्ग वाटतो.

रानवारा

हे पटलं. बांधकामाची पार्श्वभूमी मी पुरेशी लक्षात घेतली नव्हती. पण एकदाच, हा शब्द अधोरेखित करा. दरवर्षी टिलर फिरवणारे लोक पाहिलेत.

जुना_माळी

सगळ्यांचं वाचलं. माझा जन्म याच कामात गेला, म्हणून लव्हाळ्याबद्दल सांगतो, कारण त्यावर कुणी बोललं नाही.

अंगणवाला दादा, त्या कोपऱ्यात टिलर घालू नका. लव्हाळ्याला जमिनीखाली गाठी असतात, एका दोऱ्यात ओवल्यासारख्या. वरून उपटला की दोरा तुटतो, गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. टिलर त्या माळेचे तुकडे करून साऱ्या जागेत पेरतो. आज एक कोपरा आहे, मग सगळं अंगण लव्हाळ्याचं होईल. हरळीचंही तसंच, कांडीला कांडी फुटते.

तो कोपरा आधी वेगळा करा. काट्याने खोल सैल करा, गाठी हाताने वेचा, माती चाळणीतून काढा. उन्हाळा असेल तर कोपरा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. त्याने तणाचं बी आणि कोवळे कोंब मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र सगळ्या मरत नाहीत, म्हणून वेचणं चुकत नाही. फुटवा दिसला की लगेच खणून काढायचा, पानांना अन्न साठवायला वेळ द्यायचा नाही. घाई असेल तर निदान तो भाग लॉनमधून बाहेर ठेवून मधे फरशीची कड घाला.

आणखी एक. टिलर लावायच्या आधी पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाईप, विजेची केबल कुठून गेली ते घर बांधणाऱ्याकडून काढून घ्या आणि जमिनीवर फक्की (पांढरी भुकटी) मारून रेषा आखा. रेषेच्या दोन्ही बाजूंना हातभर फक्त कुदळ आणि खुरपं.

यंत्रमित्र

माळीकाका, फक्कीचा मुद्दा लिहायचा राहिला होता, आभार.

यंत्र चालवण्याबद्दलही लिहितो. पहिल्याच फेरीत खोल जायचं नाही. पहिली फेरी पाच-सात सेंटिमीटर, दुसरी पहिलीला आडवी आणि त्याहून खोल. माती अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या कणांची झाली की थांबा. मखमली दिसेपर्यंत फिरवत बसणं हाच बहुतेकांचा मोह असतो. दातांत तार किंवा गोणपाट अडकलं तर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून मगच हात घाला. बंद पायांचे बूट, कानाला संरक्षण. भिंतीकडे पाठ करून मागे सरकताना यंत्र ओढू नका, यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये माणूस सापडतो. मूठ सोडली की यंत्र थांबतं की नाही हे पहिल्या मिनिटात तपासा.

विजेवरचं काही वापरणार असाल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) असलेल्या जोडणीवरच, आणि केबल खांद्यावरून मागे टाकून, सॉकेटपासून लांब लांब जात काम करा, म्हणजे केबल दातांखाली येणार नाही.

निळाई

थोडं विषयांतर. हे फिरणाऱ्या दातांचं यंत्र आलं कुठून याची गोष्ट रंजक आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर, वाफेच्या इंजिनावर फिरणारी पाती चालवून पाहिली. पहिल्या रचनेत माती बाजूला उडत होती. मग त्याने लहान व्यासाच्या अक्षावर इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची पाती बसवली आणि जमलं. आजही बहुतेक रोटाव्हेटरची पाती त्याच आकाराची दिसतात.

गवत कापायचं यंत्र त्याच्याही आधीचं, १८३० चं. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू कापणारं यंत्र पाहिलं आणि तसंच दंडगोल पात्यांचं यंत्र गवतासाठी बनवून पेटंट घेतलं.

गंपूचे_बाबा

@निळाई म्हणजे आपण आजही जमिनीच्या गालिच्याची इस्त्रीच करतोय. छान माहिती!

अंगणवाला

अरे वा, किती लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार.

बरणी केली. खाली वाळूचा पातळ थर, मधे पोयटा, वर जवळपास निम्मी चिकणमाती. खड्ड्यातलं पाणी तासाला दीड-दोन सेंटिमीटर उतरतंय, म्हणजे फार वाईट नाही. एक शेजारी म्हणाले, चिकणमाती आहे तर वाळू आणून मिसळा, भुसभुशीत होईल. तसं करू का?

मृद्गंध

वाळू नको! थोडी वाळू चिकणमातीत गेली की चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या मधल्या फटी भरून टाकतात आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. फायदा दिसायला मातीच्या निम्म्याहून जास्त वाळू घालावी लागेल, ते घरगुती कामात शक्य नाही. जिप्समही सरसकट टाकू नका, तो सोडियम जास्त असलेल्या मातीवर काम करतो. माती परीक्षणाचा अहवाल हातात आला तरच त्याचा विचार. सामूही (पीएच, मातीच्या आम्लतेचं माप) त्यातच कळेल, गवताला साधारण ६ ते ७ मानवतो.

तुमच्या मातीला हवं ते पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत. पाच सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये मिसळा.

निळाई

दीडशे चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर म्हणजे साडेसात घनमीटर. अडीच ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं जास्तच.

कुदळबहाद्दर

हा हिशेब बघा मंडळी. साडेसात घनमीटर म्हणजे ७५०० लिटर. एका ढकलगाडीत साधारण ऐंशी-नव्वद लिटर मावतं. म्हणजे खत आत आणायलाच नव्वदच्या आसपास फेऱ्या! राडारोडा बाहेर न्यायच्या वेगळ्या. आपण सगळे टिलरवर भांडतोय आणि या कामात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औजार ढकलगाडी आहे. त्यावर आधी लक्ष द्या.

हवा भरलेलं टायर हवं, भरीव चाक मऊ मातीत रुततं. बोळ अरुंद असेल तर एकचाकी, वळायला सोपी. मोकळी जागा असेल तर दोनचाकी, कलंडत नाही. आणि टिलर फिरवून झाल्यावर त्याच मातीवरून भरलेली गाडी नेऊ नका, जे सैल केलं ते पुन्हा दाबलं जातं. खत आधी पसरून घ्या. नंतर जावंच लागलं तर फळ्या टाकून.

सावली

+१. फळ्यांचं तर दहा वेळा लिहा. आमच्याकडे गाडीची वाट गवत उगवल्यावरही वर्षभर दिसत होती.

बॅटरीवाली

सगळे छोट्या कल्टिव्हेटरला हाकलून लावताहेत म्हणून त्याची बाजू घेते. मोठ्या टिलरने जमीन फुटल्यावर खत मिसळायचं काम बॅटरीवरचा छोटा छान करतो. भिंतीलगत, झाडाच्या बुंध्याजवळ, पाईपांच्या रेषेजवळ जिथे मोठं यंत्र वळत नाही तिथे तोच चालतो. आवाज कमी, धूर नाही, सुरू करायला दोरी ओढायला नको. माझ्या मनगटाला पेट्रोल यंत्राचा थरथराट सोसत नाही, मला हाच सोयीचा. आणि फुलझाडांचे वाफे असतील तर तो पुढेही वापरात राहतो. विकत घ्यायचाच असेल तर हा घ्या, मोठा भाड्याने.

यंत्रमित्र

@बॅटरीवाली ताई, मान्य. मी "तुमची जमीन फोडणार नाही" म्हटलं होतं, पण फोडल्यानंतरच्या कामाचा विचार केला तर तुमचं म्हणणं जास्त व्यवहारी आहे. फक्त मुळांच्या बाबतीत एक: मोठ्या झाडाखाली कोणताच टिलर नको, पोसणारी मुळं वरच्या थरातच असतात.

दवबिंदू

माती मिसळून झाली असं धरू. मग सपाटीकरण कशाने? आम्ही इथेच अडलोय.

जुना_माळी

ताई, आधी उतार ठरवा. पाणी घरापासून लांब जायला हवं. शंभरात एक ते दोन एवढा उतार पुरे. म्हणजे बारा मीटर लांबीला बारा ते चोवीस सेंटिमीटर. खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघा. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी पाहायचं.

सपाटीला लहान दाताळं नको. त्याने आपण एक खड्डा भरतो आणि शेजारी दुसरा करतो. हातभर किंवा त्याहून रुंद पात्याचं दाताळं घ्या. आधी दात खाली करून ढेकळं-खडे ओढा, मग उलटं करून सपाट पाठीने माती सारखी करा. मोठ्या जागेला जुनी लोखंडी शिडी आडवी टाकून दोरीने ओढली तरी उत्तम काम होतं. उंचवटे कापले जातात, खळगे भरतात.

मग पाणी द्या आणि आठ-पंधरा दिवस सोडून द्या. फुगलेली माती बसते, खळगे वर येतात, शिवाय उरलेलं तण उगवून दिसतं, तेही काढता येतं. मग रोलर. चालताना टाच सेंटिमीटरभरापेक्षा जास्त रुतत नसेल तर झालं.

निळाई

रोलर पूर्ण भरू नका. ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात जवळजवळ ९५ लिटर पाणी मावतं, म्हणजे लोखंडाचं वजन सोडून ९५ किलो. या कामाला अर्धा भरला तरी पुरतो.

मृद्गंध

आणि ओल्या चिकणमातीवर रोलर फिरवायचा नाही, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा दाबून टाकाल. धुम्मस (माती ठोकून दाबायचं जड औजार) फक्त फरशीच्या कडेला, लॉनच्या जागेवर नाही.

अंगणवाला

मंडळी, ठरलं. राडारोडा हाताने काढायचा, लव्हाळ्याचा कोपरा सध्या वेगळा. खालचा थर दोन दांड्यांच्या काट्याने फोडायचा (एक शेजारी देताहेत). मग मागे दात असलेला टिलर एका दिवसासाठी भाड्याने, तारीख पुढे ढकलता येईल या अटीवर. भाड्याने देणाऱ्याने ती अट मान्य केलीय. ढकलगाडी आणि रुंद दाताळं विकत. खत मिसळायला टिलरच पुन्हा फिरवेन. फाटक मोजलं, यंत्र आत येतंय.

एक शंका राहिली. मुलं रोज खेळणार, म्हणजे जमीन पुन्हा दाबली जाणार. त्यासाठी टोकदार खिळ्यांच्या चपला मिळतात, त्या घालून चालायचं, म्हणे. उपयोग होतो का?

मृद्गंध

फारसा नाही. खिळा माती बाजूला ढकलून भोक पाडतो, त्यामुळे भोकाच्या कडा आणखी दाबल्या जातात. चिकणमातीत तर नकोच. पोकळ दातांचं यंत्र असतं, ते बोटाएवढी मातीची नळी पाच-सात सेंटिमीटर खोलीपर्यंत कापून बाहेर काढतं. गवत जोमाने वाढत असताना वर्षातून एकदा ते भाड्याने आणा. बाहेर पडलेल्या नळ्या उचलू नका, वाळल्या की दाताळ्याने फोडून पसरा आणि वर चाळलेल्या कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर द्या. छोट्या जागेला पायाने दाबायचा दोन पोकळ नळ्यांचा काटाही मिळतो.

जुना_माळी

पहिली कापणी घाईने करू नका दादा. मुळं धरली का ते गवताची बट हलकी ओढून बघा. उचलून आलं नाही तर कापा, धारदार पात्याने, आणि उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. तोवर मुलांना आत सोडू नका.

यंत्रमित्र

टिलर ताब्यात घेताना तिथेच सुरू करून बघा. इंजिन फोर स्ट्रोक असेल तर सपाट जागेवर उभं करून तेलाची काडी पाहा. टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते त्या यंत्राच्या पुस्तिकेतून बघून लिहून घ्या, अंदाजाने मिसळू नका. पट्टा हाताने दाबून बघा, भेगा नाहीत ना. दात सगळे एका लांबीचे आहेत का ते पाहा, झिजलेला संच कठीण जमिनीत दिवस खातो. आणि दातांच्या बोल्टना पाना लावून तपासा. एखादा ढिला निघाला तर तिथेच कसून घ्या, बोल्टचे आटे गेले असतील तर दुसरं यंत्र मागा.